पुन्हा तेच पाप, पुन्हा तीच क्षमा?



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की पापनिवेदनासाठी चर्चमध्ये रांगा लागतात. त्या रांगेत उभे असताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात एकच विचार घोळत असतो, "मागच्या वेळी सांगितलं तेच आज पुन्हा सांगायचं. फादर काय म्हणतील? आणि देव तरी किती वेळा ऐकून घेणार?" काही जण तर याच विचाराने रांगेपर्यंत येत नाहीत. दारू सुटत नाही, बांधावरून भावाशी धरलेला अबोला मोडवत नाही, मोबाईलवर नको ते पाहण्याची सवय जात नाही. अशी वर्षे निघून जातात. माणूस मिस्साला येतो, पण मागच्या बाकावर बसतो आणि कम्युनियनच्या वेळी जागचा हलत नाही. आजचा पाठ विशेषतः अशा बंधुभगिनींसाठी आहे.

१. हा झगडा जुनाच आहे

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय घरी जरूर वाचावा. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच होते, अशी व्यथा तिथे मोकळेपणाने मांडली आहे. ख्रिस्तसभेच्या थोर प्रेषिताच्या लेखणीतून हे आले आहे.

इ. स. ३५४ मध्ये जन्मलेल्या संत ऑगस्टीनची कथा आपण ऐकलेली असते. तारुण्यात ते देवाकडे शुद्धता मागत, पण ती इतक्यात नको, असेही मनात म्हणत. ३८७ साली मिलानमध्ये संत अँब्रोज यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथे कथा संपली असे आपल्याला वाटते. परंतु पुढे बिशप झाल्यावर लिहिलेल्या आत्मकथनात जुने मोह अजूनही आपल्याला छळतात, हे त्यांनी लपवले नाही. मोह येणे म्हणजे पाप नव्हे आणि झगडा चालू आहे म्हणजे देवाने आपल्याला सोडले, असेही नव्हे.

२. पेत्र आणि यहुदा

पवित्र गुरुवारच्या रात्री प्रभूच्या दोन शिष्यांचे पतन झाले. एकाने त्याला धरून दिले, दुसऱ्याने तीन वेळा नाकारले. दोघांनाही पश्चात्ताप झाला. मत्तयच्या शुभवर्तमानानुसार यहुदाने तीस नाणी परत नेली आणि आपण पाप केल्याचे मुख्य याजकांपुढे कबूलही केले. पण ज्यांच्याकडे दया नव्हती, त्यांच्याकडे तो गेला. त्यांनी त्याला झिडकारले आणि तो एकटा पडला. प्रभूकडे तो वळलाच नाही.

पेत्र मात्र रडला आणि इतर शिष्यांच्या सोबत राहिला. योहानचे शुभवर्तमान दोन प्रसंगी कोळशांच्या विस्तवाचा उल्लेख करते. पहिल्या विस्तवापाशी शेकत असताना पेत्राने प्रभूला नाकारले. दुसरा विस्तव पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या सरोवराकाठी पेटवला होता. तिथे प्रभूने पेत्राला तीन वेळा प्रेमाविषयी विचारले आणि तिन्ही वेळा आपल्या मेंढरांची जबाबदारी सोपवली. जिथे जखम होती, तिथेच औषध लावले.

म्हणून पापानंतर सर्वांत मोठा धोका निराशेचा असतो. देव क्षमा करताना कधी थकत नाही, आपणच ती मागताना थकतो, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पोप झाल्यानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितले होते.

३. "पुन्हा पडेन" अशी भीती वाटली तर?

"पुन्हा तेच होणार हे ठाऊक असताना क्षमा मागणे म्हणजे ढोंग नाही का?" असे काहींना वाटते. पाप सोडण्याचा निश्चय म्हणजे भविष्याची हमी नव्हे. या क्षणी मनापासून ते पाप नको असणे आणि त्याची वाट टाळण्याची तयारी असणे, म्हणजे निश्चय. पुन्हा पडण्याच्या भीतीमुळे खरा निश्चय खोटा ठरत नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ सालच्या एका पत्रात स्पष्ट केले आहे. खोलवर रुजलेली सवय माणसाची जबाबदारी कमी करू शकते, हेही ख्रिस्तसभेची शिकवण मान्य करते. पण याचा अर्थ सवलत नव्हे. संध्याकाळी गुत्त्यावरूनच घरी जायचे आणि "बघू" म्हणायचे, हा निश्चय नाही. रस्ता बदलणे हा निश्चय आहे.

४. संस्कारात काय घडते?

पुनरुत्थानाच्या दिवशी प्रभूने शिष्यांवर श्वास फुंकला, त्यांना पवित्र आत्मा दिला आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार सोपवला (योहान २०:२२-२३). म्हणून पापनिवेदनात धर्मगुरू स्वतःच्या नावाने बोलत नाहीत. आपल्याकडून तीन गोष्टी हव्यात: पश्चात्ताप, पापांची कबुली आणि भरपाई.

फादर ओळखतील याची लाज वाटत असेल, तर शेजारच्या धर्मग्रामात जाण्यास कोणतीही आडकाठी नाही. पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूंनी कोणत्याही कारणास्तव मोडायची नसते. जो जाणूनबुजून ती थेट मोडील, तो त्याच क्षणी ख्रिस्तसभेबाहेर टाकला जातो, इतका हा नियम कडक आहे. फ्रान्समधील आर्स गावचे संत जॉन मरी व्हियानी (१७८६-१८५९) दिवसाचे कित्येक तास पापनिवेदनासाठी बसत. लांबलांबून माणसे त्यांच्याकडे येत, कारण तिथे आपले ओझे उतरेल याची त्यांना खात्री होती.

५. क्षमेनंतरचे काम

क्षमेने दोष धुतला जातो, पण झालेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. घेतलेले पैसे परत करावे लागतात. कोणाची बदनामी केली असेल, तर जिथे बोललो तिथेच ती दुरुस्त करावी लागते. व्यसनासाठी केवळ प्रार्थनेवर थांबू नये, डॉक्टरांची आणि व्यसनमुक्ती गटाची मदत घ्यावी. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस चळवळीच्या बारा पायऱ्यांमध्येही आपल्या चुका देवापुढे आणि दुसऱ्या माणसापुढे कबूल करण्याची पायरी आहे. मदत मागणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. आणि घरच्यांनो, जो परत आला आहे त्याला जुन्या गोष्टींची आठवण करून देऊन पुन्हा मागच्या बाकावर ढकलू नका.

या आठवड्यात विचार करू या:
• कोणत्या पापाची लाज मला प्रभूपासून दूर ठेवत आहे?
• त्या पापाकडे नेणारा कोणता रस्ता मी आजच बदलू शकतो?
• माझ्या घरात कोणाला माझ्या क्षमेची गरज आहे?

प्रार्थना: हे प्रभू येशू, पेत्रासाठी तू सरोवराकाठी विस्तव पेटवून वाट पाहिलीस. आमचीही वाट पाहा. पडल्यावर तुझ्याकडेच वळण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.