नियंत्रण-तार विमान आणि सुरक्षिततेचा पाठ

एन. सी. सी.च्या हवाई विभागातील छात्र विमानांच्या प्रतिकृती तयार करतात आणि उडवितातही. त्यांतील ‘कंट्रोल लाइन’ हा प्रकार पाहणाऱ्यास सोपा वाटतो. मैदानाच्या मध्यभागी चालक मूठ धरून उभा असतो. मुठीपासून दोन बारीक पोलादी तारा विमानातील तरफेपर्यंत जातात. मूठ किंचित कलती केली की तरफ फिरते, शेपटाची झडप हलते आणि विमान चढते किंवा उतरते. विमानाला चालकाभोवती फिरत ठेवणारा ताण याच तारांत असतो. त्या ताणाचे भान हा सुरक्षिततेचा पहिला पाठ होय, असे आम्ही मानतो.

शाळेत शिकलेले अभिकेंद्री बलाचे सूत्र येथे उपयोगी पडते. १ किलोग्रॅम वस्तुमानाचे विमान १८ मीटर लांबीच्या तारांवर सेकंदाला २५ मीटर वेगाने फिरत असेल, तर तारांवर सुमारे ३५ न्यूटन ताण येतो. म्हणजे विमानाच्या वजनाच्या साडेतीन पट. वेग दुप्पट झाल्यास ताण चौपट होतो. तारा तुटल्या, तर विमान स्पर्शिकेच्या दिशेने सुटते आणि दोन सेकंदांत ५० मीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणूनच प्रेक्षकांनी वर्तुळापासून पुरेसे दूर उभे राहावे आणि उड्डाण चालू असताना कोणीही आत जाऊ नये.

उड्डाणापूर्वी तारांना पीळ, गंज वा मोड नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहावे. मोड आलेली तार सरळ करून पुन्हा वापरू नये, ती बदलावी. त्यानंतर ताणचाचणी घ्यावी. कसरतीच्या विमानांच्या स्पर्धांत विमानाच्या वजनाच्या १० पट ओढ लावून मूठ, तारा व तरफ पारखतात. मूठ वर कलविल्यावर झडपही वरच उचलते ना, हे पाहावे. मुठीला जोडलेला पट्टा मनगटात अडकवावा, म्हणजे मूठ निसटली तरी विमान मोकळे सुटत नाही. चालू इंजिनाची जुळवणी पंख्याच्या मागील बाजूने करावी. पंख्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणी उभे राहू नये. चालकाची खूण मिळाल्याशिवाय साहाय्यकाने विमान सोडू नये.

सर्वांत मोठा धोका विजेचा आहे. पोलादी तारांतून वीज थेट चालकाच्या हातापर्यंत येऊ शकते. विजेच्या वाहिन्यांजवळ किंवा ढग गडगडत असताना उड्डाण करूच नये. विमान वाहिनीवर अडकल्यास ते ओढू नये. सर्वांनी दूर राहावे आणि वीज कंपनीस कळवावे.

पाल्य मैदानावरून परतल्यावर विमान किती वेळ उडाले, हे आपण कौतुकाने विचारतो. त्याआधी तारा कोणी तपासल्या, हेही पालकांनी अवश्य विचारावे.