आधी थांबवा, मग फिरवा!

दरवर्षी फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागली की त्यात दोन-तीन तरी ‘लो कॉस्ट सीएनसी’ असतातच. बहुतेक ग्रुप स्टेपर मोटर लावून मोकळे होतात. पण कारखान्यातली जुनी मशीन मोडीत निघाली की तिच्यातले एसी सर्व्हो मोटर आणि ड्राइव्ह भंगारवाल्याकडे येतात आणि नव्याच्या मानाने फारच स्वस्तात मिळतात. आमच्या ग्रुपने तीन अक्षांच्या राउटरसाठी असेच तीन सेट आणले. यास्कावा कंपनीची सिग्मा-२ मालिका. ड्राइव्ह एसजीडीएच-०४एई आणि मोटर एसजीएमएएच-०४, म्हणजे ४०० वॅट. ते जोडताना जे समजलं ते पुढच्या बॅचच्या कामी यावं म्हणून हा लेखनप्रपंच.

‘सर्व्हो म्हणजे जरा जोरदार स्टेपर’ असा एक समज हॉस्टेलमध्ये आहे. तो आधी डोक्यातून काढा. स्टेपर अडकला की गुरगुरतो आणि स्टेप चुकवतो. सर्व्हो अडकला की ड्राइव्हला पोझिशनमधली चूक दिसते आणि ती भरून काढायला तो आणखी जोर लावतो. किती जोर? हिशोब करू. या मोटरचा रेटेड टॉर्क १.२७ न्यूटन-मीटर आहे. ५ मिमी लीडचा बॉलस्क्रू थेट जोडला तर बल = २ × पाय × टॉर्क ÷ लीड, म्हणजे सुमारे १,६०० न्यूटन. स्क्रूची एफिशियन्सी ९० टक्के धरली तरी १४५ किलो वजनाइतका दाब! शिवाय ही मोटर क्षणभर तिप्पट टॉर्क देऊ शकते. तिथे बोट सापडलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून या लेखाचं सूत्र एकच: थांबवणाऱ्या वायरी आधी, फिरवणाऱ्या नंतर.

१. घेताना

मोटर आणि ड्राइव्ह ही लग्न लागलेली जोडी आहे, ती तोडू नका. या मोटरचा एन्कोडर सिरियल आहे. तो आपल्याच ड्राइव्हशी बोलतो, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हला त्याची भाषा कळत नाही. नंबर प्लेटवरचे वॅट आणि व्होल्टेज दोन्हीकडे जुळतात का ते पाहा. केबलही त्याच मशीनमधल्या घ्या. भंगारवाला कनेक्टरजवळच केबल कापून तांबं वेगळं काढायला बघतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

घरी आणल्यावर (म्हणजे वर्कशॉपमध्ये, हॉस्टेलच्या खोलीत हा उद्योग अजिबात नको) पहिलं काम मॅन्युअल मिळवून वाचण्याचं. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले की आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतात आणि स्विच बंद केल्यावरही ते कॅपॅसिटरमध्ये बसून राहतात. ड्राइव्हवरचा ‘चार्ज’ दिवा विझेपर्यंत थांबा, वर पाच मिनिटं द्या, मग मीटरने मोजा आणि नंतरच हात लावा.

२. थांबवणाऱ्या वायरी

ड्राइव्हला दोन सप्लाय लागतात. एल१ आणि एल२ हा मुख्य, एल१सी आणि एल२सी हा कंट्रोलचा. मुख्य सप्लाय कॉन्टॅक्टरमधून न्या, कंट्रोलचा थेट एमसीबीवरून. म्हणजे इमर्जन्सीला मोटरची ताकद जाते, पण डिस्प्लेवर अलार्म वाचता येतो.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मार्गात लाल मशरूम बटणाचा एनसी कॉन्टॅक्ट आणि अलार्मच्या रिलेचा कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये टाका. ड्राइव्हच्या अलार्म आउटपुटचा (सीएन१ कनेक्टरची पिन ३१ आणि ३२) ट्रान्झिस्टर सगळं ठीक असताना ऑन असतो आणि अलार्म आला की ऑफ होतो. तो ३० व्होल्ट डीसी आणि ५० मिलिअँपिअरपर्यंतच झेपतो, म्हणून त्यावर छोटा २४ व्होल्टचा रिले लावा आणि रिलेच्या कॉइलला उलटा डायोड द्या. कॉन्टॅक्टर डीओएल स्टार्टरसारखा होल्डिंग कॉन्टॅक्टवर ठेवा. वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये.

मशरूम बटणाचा दुसरा कॉन्टॅक्ट सर्व्हो-ऑन सिग्नलच्या (पिन ४०) वायरमध्ये घाला. पिन ४७ ला २४ व्होल्टचा प्लस जातो आणि प्रत्येक इनपुट झीरो व्होल्टला जोडला की ऑन होतो. पिन ४२ आणि ४३ या दोन टोकांच्या लिमिटच्या. इथे एनसी लिमिट स्विचच लावायचे. स्विच दाबला गेला, वायर तुटली किंवा उंदराने कुरतडली, तिन्ही वेळा त्या दिशेचं फिरणं बंद! पॅरामीटर बदलून हे इनपुट निकामी करता येतात आणि घाईत सगळे तेच करतात. तो मोह टाळा.

झेड अक्षाची गोष्ट वेगळी. सर्व्हो ऑफ झाला की स्पिंडलच्या वजनाने तो खाली घसरू शकतो. डायनॅमिक ब्रेक मोटर थांबवतो, पण वजन धरून ठेवत नाही. या अक्षाला ब्रेकवाली मोटर घ्या.

३. फिरवणाऱ्या वायरी

यू, व्ही, डब्ल्यू जशाच्या तशा जोडा. इंडक्शन मोटर उलटी फिरवायला आपण दोन फेज बदलतो. ती सवय इथे घातक आहे. फेज बदलली की ड्राइव्ह आणि एन्कोडर यांचा मेळ तुटतो, मोटर भलतीकडे पळते आणि ‘ए.सी१’ अलार्म येतो. दिशा बदलायची ती पीएन०००च्या शेवटच्या अंकाने. एन्कोडरची केबल मोटरच्या पॉवर केबलपासून लांब ठेवा आणि सगळ्यांचं अर्थिंग एकाच बसबारवर आणा.

पल्स आणि दिशा यांच्या जोड्या पिन ७-८ आणि ११-१२ वर आहेत. पीसीचा सिग्नल एकेरी असतो. तो २६एलएस३१ या लाइन ड्रायव्हर आयसीतून दुहेरी करून शील्ड असलेल्या पिळाच्या वायरीने न्या, म्हणजे नॉइजने खोटे पल्स घुसत नाहीत.

४. पल्सचा हिशोब

आधी एफएन००५ ने जुन्या मालकाची सेटिंग पुसून टाका. मग पीएन००० = ००१० करा, म्हणजे ड्राइव्ह पल्सवर चालणाऱ्या पोझिशन मोडमध्ये येतो. आता इलेक्ट्रॉनिक गिअर. आमचा १३ बिट एन्कोडर एका फेऱ्यात ८,१९२ काउंट देतो. एका पल्सला १ मायक्रॉन हवा असेल तर ५ मिमी लीडला ५,००० पल्स लागतील: पीएन२०२ = ८१९२, पीएन२०३ = ५०००. कागदावर झकास! पण जुन्या पीसीच्या पॅरलल पोर्टवर मॅक-३ च्या मूळ सेटिंगला सेकंदाला २५,००० पल्सच निघतात. म्हणजे २५ मिमी प्रति सेकंद, मिनिटाला १,५०० मिमी, आणि ३,००० आरपीएमची मोटर ३०० वर रांगत राहणार. लाकडाच्या राउटरला ४ मायक्रॉन पुष्कळ झाले. पीएन२०३ मध्ये १२५० टाका, की त्याच पल्समध्ये मिनिटाला ६,००० मिमी मिळतात.

५. पहिला फेरा

कपलिंग सैल करा, मोटर एकटीच फिरू द्या. पीएन४०२ आणि पीएन४०३ या टॉर्क लिमिट मुळात ८०० टक्क्यांवर असतात, त्या ५० वर आणा. एफएन००२ ने जॉग करून पाहा. मात्र जॉगमध्ये लिमिट स्विचचे सिग्नल चालत नाहीत, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. म्हणूनच कपलिंग सैल हवं! त्यानंतर पीसीवरून हळू चालवताना लिमिटची एकेक वायर काढून मोटर थांबते का ते पाहा आणि मशरूम बटण पाच-सहा वेळा दाबून बघा. एकजण पीसीवर, दुसऱ्याचा हात बटणावर. हे सगळं पास झालं की कपलिंग कसा, टॉर्क लिमिट कामापुरती वाढवा आणि मग गेन ट्यूनिंगच्या मागे लागा. मशीन गुणगुणायला लागली की गेन जास्त झाला, दोन पायऱ्या खाली या.

सबमिशनच्या आठवड्यात हे सारं वेळखाऊ वाटेल. पण आमच्या मशीनवर मोटर फिरवायला लागलेल्या वायरी मोजल्या तर थांबवणाऱ्या वायरी त्याहून जास्त भरल्या, आणि व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी पहिला प्रश्न विचारला तोही त्यांच्याबद्दलच. मशीन चालवून दाखवणारे पुष्कळ असतात. तुमची मशीन तुमच्या ज्युनिअरच्या हातातही सुरक्षित राहील अशी बांधा. शुभेच्छा!