संगणकाचा द्वारपाल : बूटलोडर

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शाळांमधील जुन्या संगणकांना लिनक्स प्रणाली नवे आयुष्य देऊ शकते. 'सी-डॅक'ने विकसित केलेली 'बॉस' लिनक्स मराठीतही वापरता येते. मात्र विंडोजशेजारी ती बसविताना बूटलोडरची मांडणी चुकल्यास कागदपत्रे शाबूत असूनही ऐन परीक्षेच्या तोंडावर ती हाती लागत नाहीत.

बूटलोडर म्हणजे संगणक सुरू होताच प्रणालीचा गाभा चकतीवरून स्मृतीत आणणारा छोटा प्रोग्राम होय. जुन्या 'बायोस' यंत्रणेत त्याचा आरंभ चकतीच्या पहिल्या ५१२ बाइटांत असतो. नव्या 'युईएफआय' यंत्रणेत तो स्वतंत्र विभागात फाइलरूपाने राहतो. 'सिस्टिमडी-बूट' केवळ नव्या यंत्रणेवर चालतो, 'ग्रब' दोन्हींवर. म्हणून जुने-नवे संगणक असलेल्या प्रयोगशाळेस 'ग्रब' सोयीचा ठरतो.

दोन्ही प्रणाली एकाच यंत्रणेच्या पद्धतीने बसवाव्यात. २०२१ मधील २.०६ आवृत्तीपासून 'ग्रब' अन्य प्रणालींचा शोध सहसा आपोआप घेत नाही. त्यामुळे विंडोज यादीत दिसली नाही, तरी ती पुसली गेली असे समजू नये. डेबियनवर आधारित 'बॉस'मध्ये 'ग्रब'च्या मांडणी-फाइलीत 'ओएस-प्रोबर' सुरू करून 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी. शिरपूर वा चोपड्याच्या शाळेतील शिक्षकाला एवढे ठाऊक असल्यास घाईने चकती पुसण्याची वेळ येणार नाही. कागदपत्रांची प्रत मात्र आधीच अन्यत्र ठेवावी.