रूळ गेले, वाट राहिली

इंग्लंडच्या पश्चिम भागात ब्रिस्टल आणि बाथ ही दोन प्राचीन नगरे आहेत. ब्रिस्टल बंदर म्हणून नावारूपास आले, तर बाथ रोमन लोकांच्या काळापासून आपल्या उष्ण झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. या दोन नगरांना जोडणारी एव्हन नदी हिरव्या कुरणांतून वळणे घेत वाहते. तिच्याच खोऱ्यातून १८६९ साली मिडलंड रेल्वे कंपनीने बाथपर्यंत लोहमार्ग नेला. जवळजवळ शंभर वर्षे या मार्गावर आगगाड्या धावल्या. पुढे घरोघरी मोटारी आल्या आणि रेल्वेचा तोटा वाढू लागला. १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांनी आपल्या अहवालात देशातील दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करावीत, असे सुचविले. १९६६ च्या मार्च महिन्यात या मार्गावरून उतारूंची शेवटची गाडी गेली. १९७१ मध्ये मालगाड्याही थांबल्या आणि काही काळाने रूळ उखडून नेण्यात आले. मागे उरली ती नुसती खडी, आणि त्या खडीतून डोके वर काढणारी काटेरी झुडपे.

परंतु ही टाकून दिलेली जमीन साधी नव्हती. वाफेचे इंजिन शेकडो टनांचे ओझे सपाटीवर लीलया ओढते. चढ लागला की मात्र ते लवकर हात टेकते. म्हणून रेल्वेचे अभियंते आपला मार्ग होता होईल तो सपाट ठेवीत. टेकडी आडवी आली तर ती कापीत किंवा तिच्या पोटातून बोगदा नेत. सखल जागा आली तर तेथे मातीचा भराव घालीत. नदी आली तर पूल बांधीत. स्टेपल हिल येथे त्यांनी खोदलेला बोगदा जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब आहे. आता चढाचे जे दुखणे इंजिनाचे, तेच सायकलस्वाराचे! इंजिनासाठी केलेली सपाटी सायकलीच्या कामी येईल, ही गोष्ट एकदा ध्यानात आल्यावर अगदी सोपी वाटते. पण ती कोणाच्या तरी ध्यानात यावी लागते.

१९७७ मध्ये ब्रिस्टल येथील काही नागरिकांनी ‘सायकलबॅग’ नावाचे एक मंडळ स्थापन केले. शहरातील रस्ते मोटारींनी गजबजलेले असत आणि सायकलीवरून जाणारा माणूस जीव मुठीत धरून जात असे. या मंडळात जॉन ग्रिमशॉ नावाचे एक स्थापत्य अभियंता होते. इतरांनी केवळ अर्ज लिहून वाट पाहिली असती. या मंडळींनी बाथ आणि बिटन यांमधील सुमारे आठ किलोमीटरचा जुना लोहमार्ग वापरण्याची परवानगी मिळविली, आणि १९७९ च्या उन्हाळ्यात ती स्वतःच फावडी घेऊन तेथे उतरली. आपल्याकडे ज्याला श्रमदान म्हणतात तेच हे काम. झुडपे तोडावयाची, तुंबलेले चर मोकळे करावयाचे, खडी सारखी करावयाची, तिच्यावर चुनखडीच्या दगडाचा चुरा पसरावयाचा आणि तो दाबून बसवावयाचा. कोणालाही मजुरी नव्हती.

एक तुकडा तयार झाला. लोक त्यावरून जाऊ लागले. मग पुढचा तुकडा मागणे सोपे झाले. १९८६ पर्यंत ब्रिस्टलपासून बाथपर्यंतची सुमारे २१ किलोमीटरची वाट पूर्ण झाली. याच मंडळातून ‘सस्ट्रान्स’ ही संस्था उभी राहिली. १९९५ मध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून तिला मोठे साहाय्य मिळाले आणि देशभर सायकलमार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. ब्रिस्टल-बाथ वाट आज त्या जाळ्यातील चौथ्या क्रमांकाच्या मार्गाचा भाग आहे.

वाट एकदा झाली म्हणजे झाली, असे मात्र नाही. इंग्लंडात पाऊस बारमाही. ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली एका उन्हाळ्यात वाटेवर हातभर पुढे सरकतात. शरद ऋतूत झाडांची पाने गळून वाटेवर कुजतात, आणि त्या ओल्या थरावर सायकलीचे चाक हमखास घसरते. एखादा चर पानांनी तुंबला की पाणी वाटेवर येते, मुरते, हिवाळ्यात गोठते आणि गोठताना फुगून पृष्ठभागाला तडे पाडते. म्हणून स्वयंसेवक कात्र्या, दंताळी आणि खराटे घेऊन येतात. वाकलेली दिशाफलके सरळ करणे, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा वेचणे ही कामेही त्यांचीच. काच वेचलेली कोणाच्या नजरेस पडत नाही. न वेचलेली मात्र चाकास लगेच समजते!

२००८ मध्ये निराळेच संकट आले. या वाटेच्या काही भागावरून बसगाड्यांसाठी रस्ता नेण्याची योजना पुढे आली. बसही लोकांच्याच सोयीची असल्यामुळे योजनेच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण हजारो नागरिकांनी निवेदनावर सह्या करून विरोध नोंदविला आणि ती योजना बाजूस ठेवण्यात आली.

बिटन स्थानकाजवळ आजही एक गंमत पाहावयास मिळते. तेथे जुन्या रेल्वेच्या चाहत्यांनी सुमारे पाच किलोमीटरचा लोहमार्ग सायकलींच्या वाटेला लागून पुन्हा घातला आहे आणि त्यावर वाफेची इंजिने चालविली जातात. ती चालविणारेही बहुतेक स्वयंसेवकच. कोणी सुट्टीच्या दिवशी इंजिनात कोळसा घालीत असतो, तर पलीकडे कोणी कुंपणाच्या फांद्या छाटीत असतो. इंजिनाची शिटी वाजली की वाटेवरची मुले सायकली थांबवून उभी राहतात, आणि गाडीच्या खिडक्यांतून त्यांच्याकडे पाहून हात हलू लागतात.