पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस

राणी, परवा फोनवर किती वैतागली होतीस गं! रेशन कमी मोजलं, त्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकलास, भराभर अंगठे आले, दुकानदाराला शिव्या पडल्या आणि संध्याकाळी सगळे विसरून गेले. तुझा राग मला पटतो. पण ग्रुपवर टाकलं म्हणजे तक्रार झाली असं नाही.

पुढच्या वेळी असं कर. अंगठा लावला की मशिनमधून पावती निघते, ती मागून घे. नाही म्हणाला तरी हटू नकोस. किती धान्य दिलं ते तिच्यावर छापलेलं असतं. अंत्योदय कार्डाला कुटुंबामागं ३५ किलो, प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो. २०१३ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे हा, कुणाची मेहेरबानी नाही. पावतीचा फोटो काढ, मग काट्याचा, आकडा वाचता येईल इतक्या जवळून. रांगेतल्या बायकांचे चेहरे मात्र घेऊ नकोस, पुढच्या महिन्यात त्यांना त्याच दारात उभं राहायचंय. मूळ फोटो कापायचा नाही, पुसायचा नाही.

मग १९६७ ला फोन लाव आणि माळशिरसला तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज दे. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक पडला की त्या पोचेचाही फोटो काढून ठेव. महिनाभर कुणी हललं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. साध्या कागदावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि एवढंच विचारायचं : माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई केली? ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. व्हिडिओला कुणी उत्तर देणं लागत नाही, आवक क्रमांकाला लागतं.

दुसऱ्याचं काही ग्रुपवर पुढं पाठवतानाही जपून. मारकडवाडी आठवते ना, आपल्याच तालुक्यातली? विधानसभेच्या निकालावर शंका घेऊन गावकऱ्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, मतदान झालं नाही, उलट गुन्हे नोंदले गेले. कुणाचं बरोबर, यावर आपल्याकडं घराघरांत दोन तट आहेत. अशा वेळी फोनवर जे येतं ते पुढं ढकलण्याआधी विचारत जा : हे कुणी काढलं, कुठं, कधी? न विचारता ढकललेल्या एका क्लिपनं खऱ्या माणसाचा खरा प्रश्नही खोटा ठरतो, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दादा म्हणेल, पोरीच्या जातीनं रेशनच्या तक्रारीत कशाला पडायचं? म्हणून एकटी पडूच नकोस. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथं चार घरच्या पावत्या एकत्र ठेव, ठराव मांड आणि तो इतिवृत्तात लिहिलाय का ते स्वतः वाचून बघ.

फोनला कुलूप घाल, कुणी धमकावलं तर ११२ लाव, मग लगेच मला. आणि अर्ज लिहिलास की आज रात्रीच पाठव, मी नजर टाकते.