खारं पाणी की खारी तार?

तारकर्लीहून देवबागच्या दिशेने निघालं की जमीन निमुळती होत जाते. डाव्या हाताला कर्ली नदी, उजव्या हाताला अरबी समुद्र, मधे वाळूची पट्टी. या वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ते कुठवर आहे हे मी रेझिस्टिव्हिटी मीटरने बघतो. चार लोखंडी खुंट्या ओळीत ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंत व्होल्टेज मोजायचं. सोपं आहे. न चालणारं यंत्र चालवणं तेवढं सोपं नाही.

१. पेटी उघडू नका. पहिल्या वर्षी काटा हलेना म्हणून मी माडाखाली बसून सगळे स्क्रू काढले होते. आत काहीच बिघडलेलं नव्हतं. वाळू मात्र आत गेली.

२. बॅटरीचं व्होल्टेज निवांत असताना बघून फसू नका. १२.६ व्होल्ट दाखवणारी जुनी बॅटरी वीज सोडायचं बटण दाबताच धापा टाकते. मल्टिमीटर लावूनच बटण दाबावं. आकडा ११च्या खाली कोसळला तर दिवस सुरू होण्याआधीच संपला.

३. दुखणं बहुतेक वेळा तारेच्या टोकाला असतं. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं, तशीच खाऱ्या हवेत तांब्याची तार खुंटीला लावायच्या चिमट्याखाली कळकते. वरून रबर ठणठणीत, आत हिरवा भुगा. मल्टिमीटरचा बीप लावून तार नुसती तपासायची नाही, हलवून, वाकवून तपासायची. बीप तुटला की तिथे कापा, नवं टोक काढा, पॉलिश पेपरने चिमटा घासा.

४. कोरडी पुळण वीज घेत नाही. मे महिन्यात खुंटी हातभर ठोकली तरी करंट जेमतेम जातो आणि मदतनीस म्हणतो, यंत्र मेलं. खुंटीशी तांब्याभर मिठाचं पाणी ओता, नाहीतर शेजारी आणखी दोन खुंट्या ठोकून तारेने जोडा. फक्त ओळीतल्या दोन खुंट्यांची ओल एकमेकींना मिळू देऊ नका.

५. बंद पडलेलं यंत्र परवडलं, खोटं बोलणारं नको. खुंट्यांमधलं अंतर १० मीटर असेल, तर व्होल्टला अँपिअरने भागून येणाऱ्या आकड्याला साधारण ६३ने गुणायचं. गोड्या पाण्याची वाळू पन्नास-शंभर ओहम-मीटर दाखवते, खाऱ्या पाण्याची दहाच्याही खाली. एका घरामागे मला सहा मिळाले. मी छातीठोकपणे सांगितलं, खारं आहे, विहीर खणू नका. घरचे म्हातारे काका शांतपणे म्हणाले, “किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव गोडी, आणि माज्या परड्यात खारा?” सिंधुदुर्ग किल्ला खडकावर, हे परडं वाळूवर, काकांची तुलना शास्त्रात बसत नव्हती. पण शेजारची बाव मे महिन्यातही गोडी होती, आणि ते मला टोचत राहिलं.

दोन दिवसांनी परत गेलो. बाहेरच्या दोन्ही खुंट्यांचे चिमटे काढून कोरड्या फळीवर ठेवले, कुणाला हात लावू दिला नाही, आणि बटण दाबलं. वीज जायला वाट नाही, म्हणजे करंट शून्य हवा. मीटर तो छान दाखवत होता! तारेची दोन्ही रिळं मी माडाच्या ओल्या आळ्यात टेकवून ठेवली होती आणि दोन्ही तारांचं रबर घासलेलं होतं. खुंट्या कोरड्या वाळूत, त्यामुळे बहुतेक वीज जमिनीत लांब जाण्याऐवजी तिथल्या तिथे या तारेतून त्या तारेत शिरत होती. मीटर ती मोजत होता, आतल्या खुंट्यांना तिची खबरही नव्हती. तारा बदलल्या, रिळं फळीवर ठेवली, खुंट्यांना पाणी घातलं. आकडा सत्तरच्या वर गेला. काकांची माफी मागितली. तेव्हापासून हाती कमी आकडा आला की आधी चिमटे काढतो, मग तोंड उघडतो. यंत्र बिघडलं की इथे नेमकं खाऱ्या पाण्यासारखंच बोलतं, म्हणून हा खटाटोप.

६. बटण दाबण्याआधी ओरडा. तारेत शेकडो व्होल्ट असू शकतात, आणि वाडीतली पोरं व कुत्री तारेकडेच धावतात. जूनमध्ये ढग गडगडले की मोजणी अर्ध्यात टाकून तारा गुंडाळायच्या.

७. काम संपलं की तारा, चिमटे, खुंट्या गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. न धुता ठेवलेल्या तारा पुढच्या खेपेला नक्की दगा देतात. अडचण एवढीच की हे पाणी मागायचं त्याच घरी, जिथे मे महिन्यात टँकरची वाट बघतात. परवा मी कळशीभर मागितलं. वहिनींनी आणून दिलं, तारांवरून वाळूत जाणारी धार बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पाणी शोधूक इलास की सांडूक?”