वादळानंतरचा श्रवणपाठ

वादळ ओसरल्यावर शाळा पुन्हा भरते, तेव्हा मुलांचे चित्त पुस्तकात लागत नाही. त्यांच्या कानांत अजून वारा घुमत असतो. अशा दिवशी शिक्षकाने नेहमीचा पाठ बाजूस ठेवून श्रवणाचा पाठ घ्यावा. त्यास निराळे साहित्य लागत नाही. शाळेचा परिसर हेच साहित्य होय.

इमारत सुरक्षित असल्याची खात्री करून मुलांस व्हरांड्यात बसवावे आणि डोळे मिटून दोन मिनिटे केवळ ऐकू द्यावे. नंतर प्रत्येकाने एक आवाज सांगावा व शिक्षकाने तो फळ्यावर लिहावा : पागोळ्यांची टपटप, ओहोळाची खळखळ, सैल पत्र्याचा खडखडाट, कुऱ्हाडीचे घाव, वासराचे हंबरणे. ‘आवाज आला’ एवढे उत्तर पुरेसे मानू नये. तो कशाचा, कोणत्या दिशेने व किती दुरून आला, हेही विचारावे. आवाज ओळखता आला म्हणजे त्याचे भय कमी होते.

यापुढील प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : रोज ऐकू येणारा कोणता आवाज आज येत नाही? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. रायगड जिल्ह्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. अशा गावी पिठाच्या गिरणीचा आवाज नसतो, तशी वाडीतील झावळ्यांची सळसळही नसते. वीज आली की गिरणी सुरू होते. नवा माड मात्र फळावर येण्यास वर्षे घेतो. ज्या मुलाच्या घरची वाडी गेली असेल, त्यास बोलण्याचा आग्रह करू नये. ते आपणहून बोलू लागले, तर वर्गाने शांतपणे ऐकावे. तोही श्रवणाचाच पाठ आहे.

शांततेविषयी दोन गोष्टी मुलांच्या मनावर अवश्य ठसवाव्यात. चक्रीवादळाचा डोळा गावावरून जात असता वारा एकाएकी पडतो व कधी आभाळही उजळते. वादळ सरले असे समजून लोक बाहेर येतात. परंतु थोड्याच वेळात विरुद्ध दिशेने पुन्हा जोराचा वारा सुटतो. म्हणून अधिकृत सूचना मिळेपर्यंत घर सोडू नये. दुसरे असे की, तुटून पडलेल्या तारेचा आवाज येत नसला, तरी तीत वीज असू शकते. तिच्यापासून दूर राहून मोठ्या माणसांस कळवावे.

स्वाध्याय म्हणून मुलांनी संध्याकाळी घरी ऐकलेले पाच आवाज वहीत लिहावेत आणि न ऐकू आलेला एक आवाज त्याखाली निराळा लिहावा. पंधरा दिवसांनी हीच यादी पुन्हा करवून घ्यावी व दोन्ही याद्या वर्गात शेजारी ठेवाव्यात. गाव किती सावरले, हे मुलांस स्वतःच्याच कानांनी कळेल.